गोधडी आणि युद्ध : अमेरिकन यादवी युद्धकाळातील गृहजीवनाचे एक साधन

१. विषयप्रवेश

युद्धाचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची दृष्टी प्रथम रणभूमीकडे, नंतर मंत्रिमंडळाकडे आणि अखेरीस कोषागाराकडे वळते. घराकडे ती क्वचितच वळते. आणि वळली तरी तेथे वाचण्याजोगे कागद तिला फारसे आढळत नाहीत. स्वयंपाक, शिवण, धुणे, आजाऱ्यांची शुश्रूषा ही कामे रोज होतात आणि रोजच्या रोज पुसली जातात. अशा कामांपैकी ज्याचा परिणाम वस्तुरूपाने काही काळ तरी टिकून राहतो असे एक काम म्हणजे गोधडी शिवणे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाच्या संदर्भात या वस्तूचा इतिहासाचे साधन म्हणून विचार होऊ लागला, त्याचे कारण हेच होय.

येथे ‘गोधडी’ हा शब्द सोयीसाठी योजिला आहे. महाराष्ट्रातील गोधडी जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली असते आणि तिच्यात सुटा कापूस बहुधा नसतो. अमेरिकन गोधडीचे तीन स्पष्ट थर असतात. वरचा थर कापडाचे तुकडे जोडून अथवा कापडावर कापडाच्या आकृती शिवून केलेला असतो. मधला थर पिंजलेल्या कापसाचा किंवा लोकरीचा असतो आणि खालचा थर साध्या कापडाचा. हे तिन्ही थर लाकडी चौकटीवर ताणून बारीक टाक्यांनी एकत्र शिवले जातात. म्हणून एका गोधडीसाठी छापील कापड, साधे कापड, पिंजलेला कापूस, दोरा आणि मोकळा वेळ अशा पाच गोष्टी लागतात. युद्धाने या पाचही गोष्टींवर घाला घातला. त्यामुळे गोधडीचा शोध घेता घेता त्या काळच्या घराच्या अर्थव्यवस्थेचाच शोध घ्यावा लागतो.

तथापि या साधनाचा उपयोग करताना एक अडचण प्रथमच लक्षात घेतली पाहिजे. जी गोधडी युद्धात खरोखर उपयोगी पडली ती बहुतेक नष्ट झाली, आणि जी आज वस्तुसंग्रहालयांत दिसते ती बहुधा वापरातून वाचलेली आहे. उरलेल्या वस्तूंवरून नष्ट झालेल्या वस्तूंचा अंदाज बांधणे धोक्याचे असते, आणि येथे तो धोका नेहमीपेक्षा अधिक आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख याच मुद्द्यावर आहे.

२. उत्तरेकडील राज्ये : संघटित दान आणि हिशेबाची मागणी

१८६१ च्या एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा संघराज्याच्या लष्कराकडे मोठ्या प्रमाणावर जखमी व आजारी सैनिकांची व्यवस्था करण्याइतकी रुग्णालये नव्हती, मग त्यांतील अंथरूण-पांघरूण कोठून असणार ! या युद्धात मेलेल्या सैनिकांची संख्या जुन्या गणनेप्रमाणे सुमारे ६ लाख २० हजार भरते. अलीकडच्या अभ्यासकांनी जनगणनेच्या आधारे ती सुमारे ७ ते ७॥ लाखांपर्यंत नेली आहे. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश माणसे गोळीने नव्हे, तर हगवण, विषमज्वर, फुप्फुसदाह यांसारख्या रोगांनी मेली. रोग्याला ऊब आणि स्वच्छता लागते. त्यामुळे युद्धाच्या पहिल्या वर्षापासूनच पांघरूण ही औषधाइतकीच निकडीची वस्तू ठरली.

न्यूयॉर्क येथे १८६१ च्या एप्रिलअखेर ‘विमेन्स सेंट्रल असोसिएशन ऑफ रिलीफ’ ही संस्था निघाली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये शासनाच्या अनुज्ञेने ‘युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन’ स्थापन झाले. हेन्री बेलोज हे धर्मोपदेशक कमिशनचे अध्यक्ष होते आणि उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे त्याचे पहिले कार्यवाह. अधिकारपदे पुरुषांकडे होती. परंतु वस्तू जमविणे, शिवणे, बांधणे आणि पाठविणे हा सारा व्याप खेड्यापाड्यांतील हजारो महिलामंडळांनी उचलला. शिकागो येथील शाखेचा कारभार मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघींनी चालविला. या सर्व प्रयत्नांतून जमलेल्या वस्तूंची किंमत सुमारे १ कोटी ५० लाख डॉलर इतकी धरली जाते.

मंडळांना पाठविलेल्या सूचना या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. गोधडी स्वस्त कापडाची असावी, तिची लांबी सुमारे ७ फूट आणि रुंदी ५० इंच असावी, असे त्यांत सांगितलेले आहे. घरातील पलंगाची गोधडी जवळजवळ चौरस व बरीच मोठी असे; रुग्णालयातील अरुंद खाटेला ती निरुपयोगी होती. म्हणून जुन्या मोठ्या गोधड्या कापून त्यांच्या काठांना नवी पट्टी लावून लहान गोधड्या करण्याची पद्धत पडली. युद्धामुळे गोधडीचे मापच बदलले, असे म्हणता येईल. न्यू इंग्लंडमध्ये एक निराळी रीतही या कामाला लागली. तीत प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे तीन थरांचा करून, शिवून, त्याचे काठ बंद करीत आणि मग असे चौकोन एकमेकांना जोडीत. त्यामुळे मोठी चौकट मांडावी लागत नसे, आणि अनेक स्त्रियांना आपापल्या घरी बसून एकाच गोधडीचे काम उरकता येई.

या रीतीने एकूण किती गोधड्या पाठविल्या गेल्या असतील ? कमिशनच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांनी हा आकडा २॥ लाखांच्या घरात असावा असा अंदाज केला आहे. यांपैकी निश्चितपणे ओळखता येतील अशा गोधड्या आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. काही क्षारयुक्त पाण्यात वारंवार धुतल्याने विरल्या, काही संसर्गाच्या भीतीने जाळल्या गेल्या, काही मृताबरोबर पुरल्या गेल्या आणि काही सैनिकांनी घरी नेऊन फाटेपर्यंत वापरल्या.

उरलेल्यांपैकी एक गोधडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. मेन राज्यातील ऑगस्टा येथे सुझॅना पुलन या शिक्षिकेने आपल्या रविवारच्या धार्मिक वर्गातील विद्यार्थिनींसह १८६३ मध्ये ती तयार केली. ताऱ्यांच्या आकृतींमधील पांढऱ्या कापडावर शाईने मजकूर लिहिलेला आहे. त्यात धर्मवचने आहेत, देशभक्तीचे उद्गार आहेत, कोडी आहेत आणि प्रकृतीची काळजी घेण्याविषयी चार उपदेशाच्या गोष्टीही आहेत. पण त्याहून लक्षणीय असा एक मजकूर तिच्यावर आहे. गोधडी युद्धातून टिकली तर ती ऑगस्टाला परत यावी. ती कोठे पोहोचली एवढे तरी कळवावे. ज्यांची नावे तिच्यावर आहेत त्यांना सैनिकांकडून पत्र आले तर त्याचे उत्तर दिले जाईल. आपण दर बुधवारी शिवणासाठी जमतो आणि अशा पत्रांनी कामाला हुरूप येईल, असा त्या मजकुराचा आशय आहे.

हा मजकूर भावनेचा म्हणून सोडून देता येत नाही. कमिशनचे धोरण असे होते की, सर्व वस्तू एकत्र जमाव्यात आणि जेथे निकड असेल तेथे राष्ट्रीय पातळीवरून वाटल्या जाव्यात. गावोगावच्या स्त्रियांना मात्र आपल्या गावच्या पलटणीतील मुलांनाच वस्तू मिळाव्यात असे वाटे. शिवाय दान केलेल्या वस्तू अधिकारी व डॉक्टर स्वतः वापरतात किंवा विकतात, अशा वदंता युद्धकाळात सर्वत्र पसरल्या होत्या आणि कमिशनला त्यांचे निराकरण पुनःपुन्हा करावे लागत होते. या पार्श्वभूमीवर गोधडीवर नाव व गाव लिहून पोहोच मागणे म्हणजे एका परीने हिशेब मागणे होते. ज्या स्त्रियांना मतदानाचा हक्क नव्हता आणि कमिशनच्या अधिकारमंडळात स्थान नव्हते, त्यांनी आपल्या श्रमाचा विनियोग कसा झाला हे विचारण्यासाठी त्याच वस्तूचा पृष्ठभाग वापरला. याच स्त्रियांनी १८६३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिकागो येथे मोठी जत्रा भरवून निधी उभारला. मुक्तिघोषणेचे लिंकनच्या हातचे हस्तलिखित त्या जत्रेला देणगीदाखल मिळाले होते व ते ३,००० डॉलरला विकले गेले. पुढे १८७१ च्या शिकागोतील आगीत ते जळाले. १८६४ मध्ये न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील जत्रांनी प्रत्येकी सुमारे १० लाख डॉलर जमविले. असल्या उत्सवांतही गोधड्या विकल्या जात. थोडे पैसे देऊन आपले नाव चौकोनावर लिहवून घ्यावे आणि नंतर संपूर्ण गोधडीचाच लिलाव व्हावा, हा निधी उभारण्याचा मार्ग त्या काळी परिचित होता.

३. दक्षिणेकडील राज्ये : कापसाच्या देशात कापडाचा दुष्काळ

दक्षिणेकडील राज्यसंघाची स्थिती अगदी वेगळी होती. जगाला कापूस पुरविणाऱ्या या प्रदेशात कापड विणणाऱ्या गिरण्या थोड्या होत्या. छापील कापड, सुया, दोरा, लोकरीच्या कांबळी, एवढेच नव्हे तर कापूस विंचरण्याच्या तारांच्या फळ्यादेखील बाहेरून येत. १९ एप्रिल १८६१ रोजी लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ती जसजशी कडक होत गेली तसतशी घराघरांतील अडगळीत पडलेली चरखे आणि माग पुन्हा बाहेर निघाली. परंतु कापूस विंचरल्याखेरीज सूत निघत नाही आणि फळ्यांच्या तारा झिजल्या म्हणजे विंचरणे थांबते. ही अडचण इतकी गंभीर झाली की, जॉर्जिया राज्याला मिलेजव्हिल येथील तुरुंगात अशा फळ्या बनविण्याचा कारखाना स्वतः काढावा लागला.

या टंचाईचे घरगुती चित्र पार्थेनिया हेग या अलाबामातील शिक्षिकेने १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत मिळते. झाडांच्या साली व मुळे उकळून रंग काढणे, टेंभुर्णीच्या जातीच्या फळांच्या बियांची बटणे करणे, कॉफीऐवजी रताळी किंवा भेंडीचे बी भाजून वापरणे, असे नाना उपाय तीत आलेले आहेत. रंग पक्का करण्यासाठी हिराकस लागे. अक्रोडाच्या सालीपासून तपकिरी आणि नीळीपासून निळा रंग मिळे. मांस टिकविण्यास लागणारे मीठ दुर्मिळ झाले तेव्हा मांस धुरावण्याच्या खोलीतील जमीन खणून, त्या मातीतून पाणी गाळून मीठ काढण्यापर्यंत पाळी आली. पुढे अन्नाचा प्रश्न एवढा बिकट झाला की २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्ये स्त्रियांनी भाकरीसाठी दंगल केली. मात्र हेगचे पुस्तक युद्धानंतर तेवीस वर्षांनी लिहिलेले असून त्यात हरवलेल्या जगाविषयीची हळहळ आणि गुलामगिरीविषयीची सहानुभूती उघड दिसते. त्यातील वस्तूंचे तपशील विश्वसनीय मानावेत, पण सुखी व समाधानी घराचे जे चित्र त्यांच्याभोवती काढले आहे ते तसेच स्वीकारू नये, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

दक्षिणेच्या शासनाला सैनिकांना पुरेशी कांबळी देता आली नाहीत. परिणामी पलंगावरच्या गोधड्या थेट छावणीत गेल्या. त्या संपल्यावर दिवाणखान्यातील गालिचे कापून त्यांची पांघरुणे करण्यात आली. उत्तरेत रुग्णालयासाठी नवी गोधडी शिवली जात होती, तर दक्षिणेत घरातील साठा उपसला जात होता. दक्षिणेतील सैनिकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या गोधड्या आज उत्तरेतील गोधड्यांहूनही दुर्मिळ आहेत, त्याचे कारण येथे सापडते.

याउलट ज्या गोधड्या टिकल्या त्या कोणत्या, हे पाहण्यासारखे आहे. १८६२ च्या सुमारास किनाऱ्याच्या संरक्षणासाठी लोखंडी पत्र्याने मढविलेल्या युद्धनौका बांधाव्यात म्हणून दक्षिणेतील स्त्रियांनी निधी जमविण्याची मोहीम काढली. सव्हाना येथील ‘जॉर्जिया’ ही तरती तोफनौका अशाच निधीतून उभी राहिली आणि १८६४ च्या डिसेंबरमध्ये शहर सोडताना दक्षिणेच्याच सैन्याने ती बुडविली. अलाबामातील ग्रीन्सबरो येथील मार्था जेन हॅटर हिने या मोहिमेसाठी छापील फुलांच्या आकृती कापून, त्या दुसऱ्या कापडावर शिवून अत्यंत नाजूक गोधड्या तयार केल्या. त्यांचा लिलाव होई, घेणारा ती पुन्हा दान करी आणि तीच गोधडी पुन्हा लिलावात उभी राही. यांपैकी एक मॉन्टगोमेरी येथे आणि एक बर्मिंगहॅम येथील कलासंग्रहालयात आजही आहे. ही गोधडी कोणाच्या अंगावर घालण्यासाठी केलेलीच नव्हती. ती चलनासारखी फिरली. म्हणूनच ती टिकली. सैनिकाच्या अंगावर गेलेली जाडीभरडी गोधडी मात्र मातीत मिळाली. केवळ संग्रहालये पाहून दक्षिणेतील युद्धकालीन शिवणकामाविषयी मत बनविणारा अभ्यासक या निवडक अवशेषांमुळे फसण्याचा संभव आहे.

४. कापसाची टंचाई आणि तिचे दूरचे पडसाद

गोधडीच्या मधल्या थरातील कापूस हा या काळी एका जागतिक उलथापालथीचा विषय होता. नाकेबंदीपूर्वी न्यूयॉर्क येथे कापसाचा भाव पौंडाला सुमारे १० सेंट होता. १८६४ मध्ये तो एका डॉलरच्याही वर गेला. न्यू इंग्लंडमधील अनेक गिरण्या बंद पडल्या, छापील कापड महागले आणि उत्तरेतील गृहिणीलाही गोधडीत लोकर किंवा जुन्या कांबळीचा थर घालण्याची काटकसर करावी लागली. ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो थांबताच लँकशायरमध्ये बेकारी पसरली, आणि १८६२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख माणसे साहाय्यावर जगू लागली. तेथे बेकार गिरणीकामगार मुलींसाठी शिवणशाळा काढून, शिवणाच्या मोबदल्यात साहाय्य देण्याची योजना झाली. ज्या मुली यंत्रावर सूत काढीत होत्या त्यांना हाताने टाके घालण्यास बसविण्यात आले.

या उलथापालथीचा महाराष्ट्राशी आलेला संबंध सुपरिचित आहे. खानदेश, वऱ्हाड व गुजरात येथील कापूस मुंबईमार्गे लँकशायरला जाऊ लागला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. युद्धकाळात मुंबईच्या व्यापारात जो अधिक पैसा आला त्याचा अंदाज ७ ते ८ कोटी पौंड असा केला जातो. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातील सट्टा, बॅकबे येथील समुद्र हटविण्याची योजना, आणि युद्ध संपताच १८६५ च्या जुलैमध्ये झालेला विनाश यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गृहजीवनाच्या अभ्यासकाला या काळाविषयीच्या लेखनातील एक लहानशी आठवण अधिक उद्बोधक वाटावी. भाव चढले तेव्हा मुंबईत जुन्या गाद्या व उशा उसवून त्यांतील कापूस बाजारात विकला गेला, अशी ती आठवण होय. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या गादीपुरताच हा मोह होता. जुन्या लुगड्यांच्या गोधडीत विकण्याजोगे काही नव्हते. तेव्हा अलाबामातील घरातून निघालेली गोधडी आणि मुंबईतील घरात उसवलेली गादी ही एकाच घटनेची दोन टोके ठरतात. एका ठिकाणी टंचाईने अंथरूण नेले, दुसऱ्या ठिकाणी तेजीने.

५. गुलाम स्त्रियांचे श्रम आणि नोंदीतील मौन

१८६० च्या जनगणनेत संयुक्त संस्थानांत सुमारे ३९ लाख ५० हजार गुलाम नोंदलेले होते. दक्षिणेतील मोठ्या घरांमध्ये सूत काढणे, विणणे व शिवणे ही कामे मुख्यतः गुलाम स्त्रियाच करीत. दिवसभर शेतात राबल्यावर रात्री ठराविक सूत काढून देण्याचा दंडक अनेक ठिकाणी होता. १९३६ ते १९३८ या काळात पूर्वी गुलाम असलेल्या सुमारे २,३०० वृद्ध स्त्री-पुरुषांच्या ज्या मुलाखती शासकीय लेखन योजनेखाली नोंदविल्या गेल्या, त्यांत या रात्रपाळीचे उल्लेख वारंवार येतात. त्याचबरोबर धन्याने दिलेल्या जीर्ण कपड्यांच्या चिंध्यांपासून स्वतःच्या झोपडीसाठी गोधडी शिवण्याचे आणि त्यासाठी जमलेल्या रात्रीच्या मेळ्यांचेही वर्णन येते. नाकेबंदीमुळे घरगुती कापडाचे जे ‘पुनरुज्जीवन’ झाले म्हणून पुढील लेखकांनी कौतुक केले, त्याचा मोठा भार या स्त्रियांवर पडला होता. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर मात्र बहुधा मालकिणीचे नाव असते. ‘केली’ या क्रियापदाचा कर्ता कोण, ही शंका दक्षिणेतील प्रत्येक युद्धकालीन गोधडीपुढे उभी केली पाहिजे.

गुलामांना पांघरूण किती मिळे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. साधारणपणे दोन-तीन वर्षांनी एक कांबळे देण्याची रीत होती. युद्धात कांबळी सैन्याकडे वळल्याने तीही मोडली. जे गुलाम पळून संघराज्याच्या सैन्याकडे आले त्यांची अवस्था वॉशिंग्टनमध्येही कठीण होती. एलिझाबेथ केकली ही शिवणकाम करून १८५५ मध्ये स्वतःचे व मुलाचे स्वातंत्र्य विकत घेतलेली स्त्री पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मेरी लिंकन यांचे कपडे शिवीत असे. तिने १८६२ मध्ये या निर्वासितांच्या साहाय्यासाठी संस्था काढली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मेरी लिंकन यांनी पतीला लिहिलेल्या पत्रात, राजधानीतील असंख्य मुक्त गुलामांना पांघरूण नसून ते गालिच्याचे तुकडे अंगावर घेत आहेत व अनेक जण हालअपेष्टांनी मरत आहेत, असे केकलीच्या सांगण्यावरून कळविले आणि एका निधीपैकी २०० डॉलर पांघरुणांसाठी देण्यास आपण अनुमती दिल्याचे सांगितले. दक्षिणेतील गालिचे कापून केलेल्या पांघरुणांची गोष्ट त्यागाची कथा म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. त्याच वर्षांत गालिच्याच्या तुकड्याखाली कुडकुडणाऱ्या या माणसांची नोंद एका खाजगी पत्रात राहिली. दोन्ही पुराव्यांतील वस्तू एकच आहे. त्यांच्या स्मृतीला मिळालेले स्थान मात्र फार भिन्न आहे.

केकलीने मेरी लिंकन यांच्या पोशाखांच्या रेशमी तुकड्यांपासून केली असे मानली जाणारी एक गोधडी केंट स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. जॉर्जियात १८३७ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स हिने युद्धानंतर बायबलमधील कथांच्या आकृती कापडावर शिवून ज्या गोधड्या केल्या, त्यांपैकी दोन आज ज्ञात आहेत. पहिली १८८६ मध्ये अथेन्स येथील कापसाच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि आर्थिक ओढगस्तीमुळे तिला ती पुढे अवघ्या ५ डॉलरला विकावी लागली. ती आज स्मिथसोनियनमध्ये, तर दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. पहिली गोधडी विकत घेणाऱ्या स्त्रीने पॉवर्सने सांगितलेला चित्रांचा अर्थ टिपून ठेवला, म्हणून वस्तू आणि कर्तीचे म्हणणे दोन्ही उरली. असा योग फारच थोड्या स्त्रियांच्या वाट्याला आला.

६. आख्यायिका आणि पुरावा

ज्या विषयात लेखी पुरावा विरळ असतो तेथे आख्यायिका लवकर रुजते. अमुक गोधडीत गुंडाळून चांदीची भांडी पुरली होती, अमुक गोधडी शत्रूच्या घोडेस्वारांपासून लपविली होती, अशा कथा दक्षिणेतील अनेक घराण्यांत प्रचलित आहेत. त्यांतील काही खऱ्याही असतील. पण १८६० च्या सुमाराची म्हणून दाखविलेली गोधडी तपासली असता तिच्यात १८८० नंतरचे छापील कापड निघाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. कृत्रिम रंगांचा उदय १८५६ मध्ये पर्किनच्या जांभळ्या रंगाने झाला आणि पुढील दशकांत त्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यामुळे रंग, छपाई आणि वीण यांवरून कापडाचा काळ बराचसा ठरविता येतो. तीच गोष्ट आकृत्यांच्या नावांची. युद्धाची आठवण करून देणारी अनेक नावे विसाव्या शतकातील वृत्तपत्रांनी व नमुन्यांच्या पुस्तकांनी रूढ केलेली आहेत. समकालीन नमुन्यांचा आधार हवा असेल तर ‘पीटरसन्स मॅगझिन’ने १८६१ च्या जुलैमध्ये दिलेल्या ३४ ताऱ्यांच्या ध्वजसदृश गोधडीसारख्या छापील नोंदींकडे जावे लागते.

या संदर्भात सर्वांत गाजलेली आख्यायिका म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखविण्यासाठी कुंपणावर टाकलेल्या गोधड्यांच्या ‘सांकेतिक भाषे’ची. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने ती सर्वत्र पसरविली आणि ती शाळांच्या अभ्यासक्रमांतही शिरली. परंतु पळून आलेल्या गुलामांच्या एकोणिसाव्या शतकातील आत्मकथनांत, त्यांना साहाय्य करणाऱ्यांच्या नोंदींत, किंवा वर उल्लेखिलेल्या १९३० नंतरच्या मुलाखतींत अशा संकेतांना आधार मिळत नाही. संकेतातील काही आकृत्यांची नावे तर युद्धानंतरची ठरतात. ही कथा ज्या भावनेतून स्वीकारली गेली ती समजण्यासारखी आहे. गुलाम स्त्रियांच्या शिवणकामाला नोंदींत जे स्थान मिळाले नाही ते कथेने भरून काढले. पण त्यामुळे त्यांचे प्रत्यक्ष श्रम झाकले जातात, म्हणजे अन्यायाचे परिमार्जन न होता त्यात भरच पडते. गुलामगिरीविरुद्ध गोधडीचा खराखुरा उपयोग झाल्याचे उदाहरण पाहिजे असेल, तर बोस्टन येथील १८३६ च्या गुलामगिरीविरोधी जत्रेत विक्रीस ठेवलेल्या ताऱ्यांच्या पाळण्याच्या गोधडीचे देता येते. आईने आपल्या मुलाला झोपविताना गुलाम मातेचे स्मरण करावे अशा अर्थाच्या ओळी तिच्यावर शाईने लिहिलेल्या आहेत, आणि ती आजही जतन केलेली आहे.

७. समारोप

१९८१ मध्ये केंटकी राज्यात घराघरांतील गोधड्यांची पद्धतशीर पाहणी सुरू झाली. त्यानंतर इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले आणि १९९७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र अभ्यासकेंद्र निघाले. या प्रयत्नांमुळे वस्तूंची यादी वाढली. परंतु वर मांडलेल्या विवेचनावरून असे दिसते की, केवळ यादी वाढल्याने युद्धकालीन घराचा इतिहास उकलत नाही. उरलेली गोधडी प्रामुख्याने हौसेची, विक्रीची किंवा जपणुकीची साक्ष देते. वापरलेल्या गोधडीची साक्ष मापांच्या सूचनांत, पेट्यांच्या याद्यांत, पोहोच मागणाऱ्या चार ओळींत आणि २०० डॉलरचा उल्लेख करणाऱ्या एका पत्रात शोधावी लागते. म्हणून वस्तू आणि कागद ही दोन्ही साधने एकमेकांवर पडताळूनच वापरली पाहिजेत.

अशी पडताळणी केली असता तीन गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली, उत्तरेतील स्त्रियांचे दान निमूट नव्हते. आपल्या श्रमाचा हिशेब मागण्याची जाणीव त्यातून प्रकट झाली. दुसरी, दक्षिणेतील घरगुती स्वावलंबनाची कीर्ती ज्या श्रमांवर उभी होती ते श्रम बव्हंशी गुलाम स्त्रियांचे होते. तिसरी, पांघरुणाची टंचाई सर्वांना सारखी भोगावी लागली नाही, आणि जिला ती अधिक भोगावी लागली तिचीच नोंद कमी राहिली. महाराष्ट्रातील घरगुती वस्तूंच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकालाही या निष्कर्षांचा उपयोग होईल. येथील गोधडी तर जुन्या कापडाचीच असते आणि फाटली म्हणजे दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. तिचे नमुने जमविण्याबरोबरच ती शिवणारीचे नाव, कापडाचा उगम आणि वापराची हकीकत त्याच वेळी लिहून ठेवणे अगत्याचे आहे. कारण वस्तू टिकली तरी ही माहिती मागाहून मिळत नाही.